गाडी सारखी रस्त्यात बंद पडते, दरवेळी पेट्रोलच संपलेलं असतं का?

मागच्या वर्षभरात माझी गाडी रस्त्यात चार वेळा बंद पडली. चारही वेळा तोंडातून पहिलं हेच निघालं, "संपलं बे पेट्रोल." त्यातल्या दोनच वेळी खरंच संपलं होतं. एकदा तर टाकी अर्ध्याच्या वर भरलेली होती आणि मी घामाघूम होऊन दीड किलोमीटर गाडी ढकलत नेली. गावात रोज कोणी ना कोणी विचारतं, भाऊ गाडी मधातच बंद पडते, काय करू, आणि मी दरवेळी तेच तेच सांगून राहिलो, म्हणून आता एकदाचं लिहूनच टाकतो. माझी गाडी म्हणजे जुनी १०० सीसीची मोटरसायकल, कार्बोरेटरवाली (पेट्रोलात हवा मिसळून इंजिनला देतो तो), पेट्रोलचा कॉक असलेली. नव्या गाड्यांचं वेगळं आहे, तेही खाली सांगतो.

पहिली वेळ नोव्हेंबरातली. कापूस वेचणीचे दिवस, पांढरकवड्याला मजुरीच्या पैशाची सोय करायला गेलो होतो, घाटंजीकडं परत येऊन राहिलो होतो. सहा वाजता अंधार पडतो त्या दिवसात. गाडीनं दोन झटके दिले, मी चालत्या गाडीवरच सवयीनं कॉकवर हात नेला आणि तेव्हा लक्षात आलं की कॉक आधीच रिझर्ववर आहे. कधीपासून आहे ते आठवेना. आठ दिवस झाले असतील, महिनाही झाला असेल. रस्त्याच्या दोन्ही बाजूला तुरी डोक्याएवढ्या उभ्या आणि टिपेश्वरचं जंगल तिथून काही फार लांब नाही. २०१८ साली ज्या अवनी वाघिणीचं नाव देशभर गाजलं ती याच पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यातली, तेव्हापासून आमच्याकडं अंधार पडल्यावर कोणी रस्त्यावर पायी चालायला मागत नाही. तुरीत नुसता ससा जरी खसखसला तरी पोटात गोळा येतो. मी गाडी ढकलतही होतो आणि मोठ्यानं खोकतही होतो, उगाच.

मागून एक दुधाच्या कॅनवाला आला. थांबला.

"काय झालं भाऊ?"

"पेट्रोल खतम."

"मंग बसा गाडीवर. पाय लावतो."

पाय लावणं म्हणजे मागच्या गाडीवाल्यानं त्याचा पाय आपल्या बंद गाडीच्या मागच्या फूटरेस्टवर टेकवून ढकलत न्यायचं. खेड्यात हे सगळ्यांनाच येतं, पण खरं सांगतो, हे धोक्याचंच काम आहे, एक खड्डा आला की दोघंही खाली. त्या माणसानं दुधाचे कॅन सांभाळत मला पाच-सहा किलोमीटर फाट्यापर्यंत आणलं आणि चहालाही थांबला नाही. फाट्यावरच्या दुकानात बाटलीतलं पेट्रोल मिळालं, १३० रुपयाला एक बाटली, तीही गळ्यापर्यंत भरलेली नाही, आणि वासावरूनच समजलं की त्यात रॉकेलचा हात फिरलेला आहे. असं सुटं पेट्रोल दुकानात विकणं कायद्यात बसत नाही, प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवणं तर आगीला निमंत्रण, पण त्या वेळी मी कायदा बोलत बसलो नाही, बाटली ओतली आणि घरी आलो.

आता हे झालं कशानं ते सांगतो, कारण खरी बिमारी इथं आहे. जुन्या गाडीत कॉकच्या आत टाकीत दोन तोंडं असतात, एक उंच नळीचं आणि एक एकदम बुडाशी. कॉक ऑनवर असला की पेट्रोल उंच नळीतून येतं, पातळी त्या नळीच्या खाली गेली की गाडी झटके देते, आपण कॉक फिरवतो आणि बुडाचं पेट्रोल चालू होतं. म्हणजे रिझर्व ही काही वेगळी डबी नाही, त्याच टाकीतलं खालचं लिटरभर पेट्रोल आहे. तो झटका म्हणजे गाडीनं दिलेला इशारा. पण कॉक कायमच रिझर्ववर ठेवला तर इशारा देणारी नळीच बाद झाली, मग गाडी कुठंच झटके देणार नाही, सरळ शेवटच्या थेंबावर थांबेल. आणि आपल्याकडच्या निम्म्या गाड्यांचा कॉक बारा महिने रिझर्ववरच असतो. का? तर आपण शंभराचं टाकतो.

ही शंभराची सवय लागली तेव्हा ती चुकीची नव्हती. २०१० च्या आसपास शंभर रुपयात पावणेदोन लिटरच्या जवळपास पेट्रोल यायचं, दोन माणसं घेऊन तालुक्याला दोन चकरा व्हायच्या. २०२१ मध्ये भावानं शंभरी ओलांडली, आता आमच्याकडं १०५ च्या आसपास आहे, म्हणजे शंभराच्या नोटेत पुरतं लिटरसुद्धा नाही, साडेनऊशे मिली. नोट तीच आहे, सवय तीच आहे, टाकीत पडणारं पेट्रोल मात्र निम्म्याच्या जवळ आलं. माझा हिशोब पहा. साडेनऊशे मिलीत गाडी पन्नासेक किलोमीटर चालते. आमच्या गावाहून पंप १४ किलोमीटर. जाऊन येऊन २८. म्हणजे मुद्दाम पेट्रोल टाकायला गेलो तर पन्नासातले २८ किलोमीटर पेट्रोल आणण्यातच गेले, उरलेल्या बावीसेकमध्ये वावर, शाळा, दवाखाना. हे असं कागदावर मांडलं तेव्हा बायको म्हणे, "मंग गाडीवर पेट्रोल आणता का पेट्रोलवर गाडी?" मला काही उत्तर सुचलं नाही.

कोणी म्हणेल पैसे असते तर फुल्ल केली नसती का. बरोबर आहे, आपला पैसा पिकावर येतो, मधे हात कोरडा असतो, मी काही शहाणपण शिकवून नाही राहिलो. पण फुल्ल टाकीनं खर्च वाढत नाही, किलोमीटरमागं तेवढाच लागतो. फक्त एकदा पाच-सहाशे रुपये टाकीत अडकवून ठेवायचे. मी सोयाबीनच्या पैशातून ते एकदा केलं, आणि त्यानंतर शंभराचंच टाकतो तरी चालतं, कारण आता शंभर वरच्या भागात पडतात, बुडाशी नाही. टाकी अर्ध्यावर आली की टाकायचं, हा झाला माझा नियम. आणि कॉक ऑनवर. रिझर्ववर फिरवला की त्याच दिवशी पंप, आणि पेट्रोल टाकल्या टाकल्या तिथंच उभं राहून कॉक परत ऑनवर. हे शेवटचं लोक विसरतात, मी स्वतः कितीदा विसरलो. आता पेट्रोलचे पैसे देण्याआधी कॉक फिरवतो, पैसे द्यायचं तर कोणी विसरू देत नाही ना.

दुसरी वेळ मार्चमधली, आणि तिच्यात मी उगाच पंपवाल्याशी भांडायला गेलो होतो. झालं असं की टाकी चांगली भरून ठेवलेली, तरी चौथ्या दिवशी गाडी रस्त्यात बंद. झाकण उघडून पाहिलं, खरंच कोरडी. माझ्या डोक्यात एकच, पंपावर माप मारलं. गेलो तणतणत. तिथल्या पोराला म्हटलं, पाच लिटरचं माप काढ. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाइकानं मागितलं तर मोजून दाखवावं लागतं, पाच लिटरला पंचवीस मिली इकडंतिकडं चालतं, त्यापेक्षा जास्त नाही. पोरानं काही कुरकुर न करता माप मांडलं, मशीन शून्यावर आणलं, भरलं. बरोबर रेघेवर. आजूबाजूला चार जण पाहून राहिले होते. मी म्हटलं, "नाही, सहज पाहिलं." तो म्हणे, "पाहा ना भाऊ, रोज पाहा."

चोर घरीच होता. उंदीर. रात्री गाडी कोठ्यात लावतो, तिथं सरकीची ढेप ठेवलेली, उंदरांची जत्राच असते. कॉकहून कार्बोरेटरकडं जाणारी रबराची नळी एका जागी कुरतडलेली होती, आरपार नाही, बारीक चीर, त्यातून थेंब थेंब. दिवसा गाडी चालू असताना समजत नाही, रात्रभर गळतं. सकाळी कोठ्यात पेट्रोलचा वास यायचा तो मी आठ दिवस फवारणी पंपाचा समजत होतो. म्हणून गाडी अचानक जास्त पिऊन राहिली असं वाटलं की आधी एक काम करा, रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा टाकून ठेवा आणि सकाळी पुठ्ठ्यावर डाग पडला का पहा. डाग दिसला तर नळी, कॉक, कार्बोरेटर यातलं काहीतरी गळतंय. नळी बदलायला फार पैसे लागत नाहीत, पण मिस्त्रीला सांगून पेट्रोलचीच नळी टाका आणि क्लिप लावा. खेड्यात काही मिस्त्री सलाईनची नळी लावून देतात, दिसायला छान, आतलं पेट्रोलही दिसतं, पण दोन-तीन महिन्यात ती कडक होऊन तडकते. आणि जुन्या गाडीचा कॉक रात्री बंद करायचा, आपले वडील करायचे तसा, आपणच सोडलं ते.

गळत नसेल आणि तरी शंका असेल तर मायलेज काढा, अंदाजानं नाही, नीट. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, मीटरवरचे किलोमीटर मोबाईलमध्ये लिहा, दोनशे किलोमीटर चालवा, परत त्याच पंपावर तसंच भरा. माझे २१२ किलोमीटर झाले आणि ४.१ लिटर बसलं, म्हणजे ५१ ला थोडं वर. कंपनीवाल्याचा आकडा विसरा, तुमच्या गाडीचा तुमच्या रस्त्यावरचा हाच आकडा खरा, पुढं सगळा हिशोब याच्यावर करायचा. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, इथेनॉलमधून पेट्रोलपेक्षा लिटरमागं तिसऱ्या हिश्श्यानं कमी ताकद मिळते, त्यामुळं जुन्या गाड्यांचं मायलेज थोडं उतरलेलं असणारच. पाच वर्षांपूर्वीच्या आकड्यावर भरोसा ठेवून निघाल तर शेवटचे तीन-चार किलोमीटर पायी.

तिसरी वेळ जुलैची, अन् हीच ती भरल्या टाकीची. पावसाचं पाणी टाकीत जाऊ नये म्हणून मी झाकणाखाली पन्नी लावून झाकण गच्च दाबलं होतं. गावात बरेच जण लावतात, मी पाहून लावली. वावरात जाणं-येणं दोन-तीन किलोमीटरचं, तेव्हा काही त्रास नाही. एक दिवस यवतमाळला निघालो तर दहा-बारा किलोमीटरवर गाडी झटके देऊन बंद. किक मारून मारून पोटरी भरून आली. ढकलत ढकलत दीड किलोमीटर गेलो, एका लिंबाखाली बसलो, पंधरा मिनिटांनी सहज किक मारली तर पहिल्याच किकेला चालू. परत दहा किलोमीटर, परत बंद. तेव्हा झाकण उघडलं आणि आवाज आला, फुस्स्. टाकी हवा आत ओढत होती.

टाकीच्या झाकणाला एक बारीक छिद्र असतं. जेवढं पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा त्या छिद्रातून आत आली पाहिजे, नाही आली तर आत ओढ तयार होते आणि पेट्रोल खाली उतरतच नाही. उलट्या बाटलीतून पाणी गुडगुड करत अडकत येतं ना, तेच. माझ्या पन्नीनं ते छिद्र बुजलं होतं. पन्नी नसेल तरी काळ्या मातीची धूळ, कापसाचे तंतू, गाडी धुताना गेलेला चिखल, यानं ते बुजतंच. ओळखायची पद्धत एकदम सोपी, गाडी बंद पडली की झाकण उघडा, फुस्स् आवाज आला आणि लगेच गाडी चालू झाली, तर पेट्रोल नाही झाकण गुन्हेगार. झाकण जरा ढिलं ठेवून जवळच्या मिस्त्रीपर्यंत सावकाश जा, तो बारीक तारेनं आणि हवेनं मोकळं करून देईल. काही लोक टाकीला तोंड लावून फुंकर मारतात, त्यानंही तेवढ्यापुरतं चालतं, पण तोंडात बिडी असताना कोणी मारू नका. हसू नका, पाहिलेलं आहे.

तर मी पन्नी काढून फेकली. आणि ऑगस्टमध्ये टाकीत पाणी गेलं, ही चौथी वेळ. म्हणजे ज्याची भीती होती तेच. झाकणाचं रबर जुनं होऊन आखडलं होतं, ते बदलायचं सोडून मी पन्नीची कारागिरी करत बसलो होतो. गाडी चालू व्हायची, भकभक करायची, बंद पडायची, काटा तर दाखवतोय की पेट्रोल आहे. मिस्त्रीनं कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू ढिला करून एका पारदर्शक बाटलीत काढलं, बाटली उन्हात धरली तर सरळ दोन थर, वर पेट्रोल, खाली पाण्यासारखं वेगळं. पाणी जड असतं म्हणून ते टाकीच्या बुडाशी बसतं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असल्यामुळं आणखी एक गंमत होते, इथेनॉल थोडं पाणी स्वतःत मुरवून घेतं, पण पाणी जास्त झालं की ते दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि खाली बसतात. आणि रिझर्ववर गाडी पेट्रोल कुठून ओढते? बुडातूनच. म्हणजे कायम रिझर्ववर चालणारी गाडी सगळ्यात आधी पाणी पिते, गाळ पिते, टाकीचा गंज पिते. टाकी खाली करून वाळवली, दोन लिटर ताजं टाकलं, झाकणाचं रबर बदललं, तेव्हापासून ठीक आहे.

खरंच पेट्रोल संपलं असेल आणि पंप दोन-तीन किलोमीटरवर असेल तर एक जुना उपाय आहे. टाकी मधातून खोगीरासारखी असते, खालून गाडीच्या सांगाड्याची नळी गेलेली, त्यामुळं कॉक ज्या बाजूला नाही त्या बाजूच्या खोलगटात थोडं पेट्रोल अडकून राहतं. झाकण घट्ट आहे का पहा, गाडी बंद ठेवा आणि कॉकच्या बाजूला बऱ्यापैकी आडवी करून दहा-पंधरा सेकंद धरा, पलीकडचं पेट्रोल अलीकडं येतं. मग चोक देऊन किक. सावकाश, तिसऱ्या-चौथ्या गेअरवर, रेस न देता. मला यावर दोन किलोमीटर मिळालेले आहेत, एकदा फक्त तीनशे मीटर. नशिबाचा भाग.

फवारणी पंपाचं पेट्रोल घरात असतं, ते टाकू का, असं पोट्टे विचारतात. पंप टू-स्ट्रोक असेल तर त्यात ऑइल मिसळलेलं असतं, गाडी धूर मारेल, प्लग काळा होईल, पण पेट्रोल पंपापर्यंत जायला अर्धा लिटर टाकलं तर इंजिन काही मरत नाही. रोजची सवय करू नका.

आता नव्या गाड्या. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ हा गाडीच्या धुराचा नवा सरकारी नियम आला, तेव्हापासून बहुतेक गाड्यांना कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे, म्हणजे पेट्रोल दाबानं फवारलं जातं, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांना रिझर्वचा कॉकही नाही, फक्त काटा किंवा लुकलुकणारी दांडी. माझ्या पुतण्याची तशी आहे. या गाडीत पेट्रोलचा विजेवर चालणारा पंप टाकीच्या आतच बसवलेला असतो आणि तो भोवतालच्या पेट्रोलनंच थंड राहतो. टाकी कोरडी करून करून चालवली तर तो गरम होऊन लवकर जातो, आणि तो बदलायचा खर्च ऐकून पुतण्या दोन दिवस जेवला नाही. जुनी गाडी पेट्रोल संपेपर्यंत चालवली तर फक्त आपले पाय दुखतात, नवी चालवली तर खिसा. अशी गाडी कोरडी झालीच तर थोडंथिडकं नको, लिटरभर तरी टाका, मग लगेच सेल्फ मारत बसू नका, चावी ऑन करा, आतून झुंईं आवाज येऊन थांबेल, बंद करा, असं तीन वेळा, म्हणजे लाईन भरते, मग सेल्फ.

काट्याचंही थोडं. टाकीत एक तरंगणारा गोळा असतो, त्याच्या दांडीवर काटा चालतो. गाडी साईड स्टँडवर तिरपी उभी असेल, घाट चढत असाल, तर तो खोटं दाखवणार. सरळ रस्त्यावर, गाडी उभी धरून वाचा. शंभर किलोमीटर झाले आणि काटा जागचा हलला नाही तर गाडी मायलेज देऊन राहिली म्हणून खूश होऊ नका, गोळा अडकला आहे. मी आता काट्यावर नाही, किलोमीटरवर चालतो. माझ्या गाडीला ट्रिप मीटर नाही, म्हणून टाकीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आहे, भरलं की त्यावर पेननं मीटरचा आकडा लिहितो. दोनशे किलोमीटर झाले की पंप, काटा काही का म्हणेना.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी वेगळं लिहायला पाहिजे, कारण डिझेल संपणं म्हणजे पेट्रोल संपण्याच्या दहा पट डोकेदुखी. डिझेल टाकलं म्हणजे झालं असं नसतं, लाईनीत एअर घेतलेली असते. मृग लागल्यावर पेरणीच्या धांदलीत आमच्या काकांचा ट्रॅक्टर धुऱ्याच्या उतारावर थांबला, डिझेल होतं पण थोडं, उतारानं ते एका बाजूला गेलं आणि नळीनं हवा ओढली. काकांनी वीस लिटर ओतलं आणि सेल्फ मारत बसले, बॅटरीच झोपली. आभाळ भरून आलेलं, मजूर बसून, काका ट्रॅक्टरला आईवरून शिव्या देऊन राहिले. जुन्या पद्धतीच्या पंपाचा ट्रॅक्टर असेल तर आधी डिझेल फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू पान्यानं ढिला करा, हातानं दाबायचा छोटा पंप असतो तो दाबत राहा, आधी फेस येईल, बुडबुडे येतील, मग बुडबुड्याशिवाय सलग डिझेलची धार येईल, दाबता दाबताच स्क्रू आवळा. मग हेच मोठ्या पंपावरच्या स्क्रूला. तरी नाही झाला तर इंजेक्टरच्या नळ्यांचे नट अर्धा आटा ढिले करून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, डिझेल ठिबकायला लागलं की आवळा. सेल्फ एकावेळी दहा सेकंदाच्या वर नको, मधे दम घेऊ द्या. नव्या कॉमन रेलवाल्या (सगळ्या इंजेक्टरांना एकाच जाड नळीतून डिझेल देणाऱ्या) गाडीच्या नळ्यांना मात्र हात लावू नका, तिथं दाब भयंकर असतो, मिस्त्रीच बोलवा. आणि पेरणीच्या दिवसात ट्रॅक्टरची टाकी पावच्या खाली जाऊ द्यायची नाही, बुडाचा गाळ फिल्टरमध्ये येतो आणि मग दिवस गेला.

लांबच्या रस्त्याचं थोडक्यात. मेळघाटात जायचं असेल तर परतवाड्यात टाकी भरा, पुढं सेमाडोह, हरिसालकडं घाट आहे, जंगल आहे आणि मोबाईलची रेंज मधातूनच गायब होते. भामरागडकडं जाणार असाल तर आलापल्ली सोडायच्या आधी. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर चालू झाला, लोक नागपूरहून कार काढतात आणि १२० नं सोडतात, पण त्या वेगावर गाडी जेवढं पिते तेवढं गावच्या रस्त्यावर पीत नाही, म्हणून गावच्या मायलेजचा आकडा तिथं लावू नका, अर्धी टाकी झाली की पुढच्या पंपावर थांबा. तिथं बंद पडलीच तर डाव्या कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा आणि गाडीत बसून न राहता सगळे कठड्यापलीकडं जा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन लावता येतो.

आणि पंप आहे म्हणजे पेट्रोल आहेच असं नाही. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकवाल्यांचा संप झाला होता, आठवत असेल, नागपूरपासून खेड्यापर्यंत पंपावर रांगा, लोक भांडत होते. लाईन गेली आणि जनरेटर बिघडलेलं असलं तरी पंप उभाच. रात्री नऊनंतर तर आमच्या बाजूचे बरेच पंप शटर ओढतात. म्हणून टाकी घरी यायच्या आधी भरायची, घरून निघताना नाही. सकाळी सहाला दवाखान्यात न्यायचं असेल तेव्हा पंपवाल्याला उठवायला कोण जाणार.

एक कारण राहिलंच, आणि मला वाटतं खेड्यात गाड्या कोरड्या पडण्याचं हेच सगळ्यात मोठं असावं. मागून नेलेली गाडी. "काका, पाच मिनिट गाडी द्या ना" म्हणून जी जाते ती परत येताना इंजिन तापलेलं आणि टाकी हलकी. नाही म्हणता येत नाही, उद्या आपल्यालाही लागेल. चिकटपट्टीवर आकडा लिहायला लागल्यापासून मला हेही समजायला लागलं. परवा पुतण्या आला, त्याची गाडी पंपासाठी शोरूममध्ये पडलेली, म्हणे मेडिकलमधून आजीच्या गोळ्या आणतो. चावी दिली. तासाभरानं आला, गोळ्या आजीच्या हातात दिल्या, चावी खिळ्याला लावली. मी जाऊन मीटर वाचलं.

"काहून बे, कुठं गेल्ता?"

"मेडिकलपर्यंतच गेल्तो काका."

मेडिकल आमच्या घरापासून दोन किलोमीटर आहे. मीटरवर तेवीस वाढले होते.